चारपासून सुरू होणारी मोजणी

“स्टार वॉर्स बघायचंय, कुठून सुरू करू?” हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो. कधी टीममध्ये नवीन आलेली मुलगी विचारते, कधी परीक्षा संपल्यावर मामेभाऊ मेसेज करतो. विचारणाऱ्याला एका ओळीचं उत्तर हवं असतं. मी टाइप करायला घेते आणि अडते, कारण एका ओळीत बसणारी किमान तीन उत्तरं आहेत आणि ती देणारे लोक एकमेकांशी कित्येक वर्षं भांडत आहेत.

गोंधळाचं मूळ असं आहे. मुख्य मालिकेत नऊ चित्रपट आहेत आणि त्यांना एक ते नऊ असे क्रमांक आहेत. पण पडद्यावर आधी आले चार, पाच, सहा (१९७७, १९८०, १९८३). मग आले एक, दोन, तीन (१९९९, २००२, २००५). शेवटी सात, आठ, नऊ (२०१५, २०१७, २०१९). आमच्या धंद्यात मोजणी शून्यापासून सुरू करायची की एकपासून, यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. चारपासून सुरू होणारी मोजणी मात्र मी इथेच पाहिली.

हा वाद बहुतेक वेळा आवडीनिवडीचा म्हणून खेळला जातो. कोणाला कोणते भाग आवडतात, त्यावरून क्रम ठरतो. मला तो इतिहासाचा वाद वाटतो. कोणता चित्रपट कधी बनला, बनवणाऱ्याला तेव्हा काय माहीत होतं आणि बघणाऱ्याला काय माहीत होतं, हे पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेख. यात मालिकेतली सगळी मोठी गुपितं फुटणार आहेत. ज्यांना ती अजून खरोखरच माहीत नाहीत, त्यांनी इथेच थांबावं, १९७७चा चित्रपट लावावा आणि नंतर परत यावं.

आकडा नसलेला चित्रपट

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेत अवघ्या ३२ चित्रपटगृहांत एक चित्रपट लागला. त्याचं नाव फक्त ‘स्टार वॉर्स’ होतं. सुरुवातीला पडद्यावर खालून वर सरकत जाणारा तो पिवळा मजकूर तेव्हाही होता, पण त्यात ‘एपिसोड ४’ नव्हतं आणि ‘अ न्यू होप’ हे नावही नव्हतं. या दोन्ही गोष्टी १९८१ साली चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा जोडल्या गेल्या. म्हणजे जो पहिला होता तो चार वर्षांनी चौथा झाला.

गोष्ट मात्र मधूनच सुरू होत होती. एका छोट्या यानामागे एक अवाढव्य यान लागलेलं आहे. नकाशे आधीच चोरीला गेलेत, युद्ध आधीच पेटलंय. दिग्दर्शक जॉर्ज लुकसला ‘फ्लॅश गॉर्डन’च्या जुन्या मालिकापटांचं वेड होतं. त्यावर चित्रपट काढायचे हक्क मिळवायचा त्याने प्रयत्न केला होता, ते मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःचं जग रचलं. १९३०च्या दशकातले ते मालिकापट आठवड्याला एक भाग असे दाखवले जात आणि ‘मागील भागात काय झालं’ ते सुरुवातीला लिहून येई. लुकसने तीच पद्धत घेतली, फक्त मागचा भाग अस्तित्वातच नव्हता. प्रेक्षकाला जे कळत नाही, ते आधी कधीतरी घडून गेलं असणार, अशी भावना त्यातून तयार होते.

या चित्रपटातल्या दोन गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरतात. एक: म्हातारा ओबी-वान केनोबी तरुण ल्यूक स्कायवॉकरला सांगतो, की तुझे वडील जेडाय योद्धा होते आणि माझाच एक शिष्य, डार्थ वेडर, याने त्यांचा विश्वासघात करून त्यांना मारलं. दोन: शेवटाकडे ओबी-वान आणि वेडर समोरासमोर येतात तेव्हा ओबी-वान त्याला नुसतं ‘डार्थ’ म्हणून हाक मारतो, जसं आपण कोणाला ‘अरे संजय’ म्हणू. पुढच्या चित्रपटांत ‘डार्थ’ ही पदवी झाली: डार्थ सिडियस, डार्थ मॉल. १९७७मध्ये मात्र ते एका माणसाचं पाळण्यातलं नाव असल्यासारखं वापरलंय. वेडर हा एक माणूस होता आणि ल्यूकचे वडील दुसरा.

बाप कधी ठरला?

दुसऱ्या चित्रपटाच्या पटकथेचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने लिहिला. १९७८च्या सुरुवातीला तिने तो पूर्ण केला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ती कर्करोगाने गेली. त्या खर्ड्यात ल्यूकच्या वडिलांचं भूत येतं आणि त्याच्याशी बोलतं. वेडर वेगळा, वडील वेगळे. त्यानंतरचा खर्डा लुकसने स्वतः लिहिला आणि त्यात वेडर ल्यूकला सांगतो, की मीच तुझा बाप आहे.

सगळी कथा सुरुवातीपासून ठरलेली होती, असा सूर लुकसने नंतरच्या काळात अनेकदा लावला. खर्डे वेगळं सांगतात. चित्रपटातलं सगळ्यांत प्रसिद्ध रहस्य हे पहिला चित्रपट गाजून गेल्यावर, कागदावर खाडाखोड करताना सापडलेलं आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही. उलट, इतकी मोठी गोष्ट माणसाला टेबलाशी बसून उशिरा सुचते, हे मला जास्त थक्क करतं.

गुप्तता मात्र जबरदस्त पाळली गेली. वेडरच्या पोशाखातला अभिनेता डेव्हिड प्राउज याला सेटवर वेगळंच वाक्य दिलं होतं: ओबी-वानने तुझ्या बापाला मारलं. खरं वाक्य दिग्दर्शक अर्विन कर्शनरने ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलच्या कानात सांगितलं. वेडरचा आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सने नंतर मुलाखतींत सांगितलं, की ते वाक्य वाचल्यावर त्याला वेडर खोटं बोलतोय असंच वाटलं होतं.

‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ मे १९८०मध्ये लागला आणि प्रेक्षकांना दोन धक्के बसले. एक शेवटी आणि एक सुरुवातीलाच: पिवळ्या मजकुरात ‘एपिसोड ५’ लिहिलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी आपण पाहिलेला पहिलाच होता ना, मग हा पाचवा कसा?

पुढचा चित्रपट १९८३मध्ये आला. म्हणजे वेडर खरं बोलला की खोटं, हे न कळता लोक तीन वर्षं राहिले. स्ट्रीमिंगवर आता दोन भागांमध्ये काही सेकंदांचं अंतर असतं. या मालिकेच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा ऐवज असलेली ती तीन वर्षं मात्र कुठल्याच ॲपवर मिळत नाहीत.

आईचा पहिला प्रश्न

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी आईला हे चित्रपट दाखवले, प्रदर्शनाच्या क्रमाने. तिला अंतराळ वगैरेत काडीचा रस नाही, पण मला इतकं काय आवडतं हे तिला बघायचं होतं. वेडरने ते वाक्य उच्चारलं तेव्हा तिने फराळाची बशी खाली ठेवली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, दचकण्याची वाट बघत. ती दचकली नाही. ती म्हणाली, “अगं, मग तो म्हातारा खोटं का बोलला?”

मला वाटतं, प्रदर्शनाच्या क्रमाच्या बाजूने याहून चांगला मुद्दा कोणी मांडलेला नाही. रहस्य फुटल्यावर तिचं लक्ष वेडरवर न जाता ओबी-वानवर गेलं. ज्याच्यावर आपण दोन चित्रपट विश्वास ठेवला, त्या साधूसारख्या माणसाने पोराला फसवलं. हा प्रश्न १९८०च्या प्रेक्षकांनाही पडला असणार आणि तो लुकसलाही सोडवावाच लागला. १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये ओबी-वानचं भूत येऊन ल्यूकला समजावतं, की वेडरने तुझ्या वडिलांमधला चांगला माणूस संपवला, म्हणजे एका अर्थी मारलंच की. ल्यूकला ते पटत नाही. आईलाही पटलं नाही. “वकिली उत्तर आहे,” ती म्हणाली.

आहेच ते वकिली. कारण ते पात्राचं उत्तर नसून लेखकाचं आहे. १९७७चं वाक्य बदलता येत नव्हतं, म्हणून त्याचा अर्थ बदलला. लेयाचंही तसंच. ती ल्यूकची जुळी बहीण असल्याचं १९८३मध्ये कळतं. १९८०मध्ये तिने त्याचं चुंबन घेतलेलं आहे, आणि १९७७मध्ये वेडर एका कोठडीत, सुई लावलेलं यंत्र घेऊन तिची चौकशी करतो. बाप-लेक एका खोलीत, आणि हे ना त्यांना ठाऊक, ना प्रेक्षकाला, ना लिहिणाऱ्याला.

एक, दोन, तीनपासून सुरू केलं तर?

आता आकड्यांच्या क्रमाकडे. हा क्रम सांगणाऱ्यांच्या पाठीशी खुद्द लुकस आहे. सहाही चित्रपट झाल्यावर त्याचं म्हणणं असं, की ही ॲनाकिन स्कायवॉकरची, म्हणजे पुढे वेडर होणाऱ्या मुलाची गोष्ट आहे आणि ती एक ते सहा अशीच बघावी.

या क्रमाने काय जातं, ते मोजणं सोपं आहे. वेडर कोण, हे तिसऱ्याच भागात कळतं. ल्यूक आणि लेया भावंडं आहेत, हेही तिथेच, दोघांचा जन्म पडद्यावर होताना. योडा हा सगळ्यांत मोठा जेडाय गुरू, हे पहिल्याच भागात. १९८०मध्ये ल्यूक एका दलदलीत महान योद्ध्याला शोधत असतो आणि एक लहानसं हिरवं, खोडकर म्हातारं त्याच्या सामानात उचकाउचकी करतं. तेच गुरू निघतात. आकड्यांच्या क्रमात हा विनोदही जातो आणि त्यातली शिकवणही.

पण या बाजूचा मुद्दा मी हलका समजत नाही, कारण तो आपल्या अगदी जवळचा आहे. १९७७ सालीच आपल्याकडे मनमोहन देसाईंचा ‘अमर अकबर अँथनी’ आला. तिघे भाऊ आहेत, हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून ठाऊक, त्यांना स्वतःला ठाऊक नाही. तिघे शेजारी शेजारी झोपून एका बाईला रक्त देतात, ती त्यांचीच आई असते, आणि थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. मजा तिथेच आहे. महाभारतातही कर्ण कोणाचा हे ऐकणाऱ्याला आदिपर्वातच कळतं, युधिष्ठिराला मात्र युद्ध संपल्यावर कुंती सांगते. तोवर कर्ण मेलेला असतो. आधी माहीत असल्याने कर्णाची गोष्ट फिकी पडली, असं कोणी म्हणणार नाही.

मग ॲनाकिनची गोष्टही आधी सांगून का बघू नये? धक्का गेला तरी शोकांतिका मिळेल.

माझं उत्तर असं. ज्या गोष्टीत ऐकणाऱ्याला आधी सांगितलेलं असतं, ती गोष्ट तशीच रचलेली असते. देसाईंनी रक्ताचा प्रसंग बेतला तो प्रेक्षकाला माहीत आहे हे धरून. कुंती कर्णाला भेटायला जाते तो प्रसंग ऐकणाऱ्याच्या माहितीवर उभा आहे. १९७७च्या कोठडीतल्या प्रसंगाला असा पाया नाही. तिथे कॅमेरा बापाकडे बघत नाही, लेकीकडेही बघत नाही. तो एका खलनायकाकडे आणि एका कैदी राजकन्येकडे बघतो. आकड्यांच्या क्रमाने आलेला नवा प्रेक्षक तिथे काहीतरी जड घडेल म्हणून थांबतो, आणि चित्रपट शांतपणे दार लावून पुढच्या प्रसंगाकडे जातो.

उलट बाजूनेही हेच होतं. १९९९चा ‘द फँटम मेनेस’ सुरू होतो तो व्यापारी मार्गांवरच्या करांच्या वादाने. जेडाय म्हणजे कोण, हे तो चित्रपट फारसं समजावत नाही. त्या पोराचं नाव ॲनाकिन आहे, हे ऐकल्यावर तुमच्या पोटात खड्डा पडेल, असं तो गृहीत धरतो. नव्या माणसाच्या पोटात काहीच होत नाही. त्याच्यासाठी तो एक गोड, गोऱ्या केसांचा मुलगा असतो आणि कर असतो.

एक गोष्ट आकड्यांच्या क्रमाला खरोखर मिळते, ती कबूल करायला हवी. जुन्या तीन चित्रपटांत सम्राटाला फक्त ‘सम्राट’ म्हणतात, त्याचं नाव पडद्यावर येत नाही. तरीही ते पाहिलेल्या माणसाला ‘द फँटम मेनेस’मधला नम्र सिनेटर पॅल्पटीन चेहऱ्यावरून आणि आवाजावरून लवकरच ओळखू येतो, नटही तोच, इयन मॅकडायरमिड. एकपासून सुरू करणाऱ्याला तो सज्जन वाटण्याची शक्यता असते. म्हणजे एका मोठ्या गुपिताच्या बदल्यात एक लहान गुपित मिळतं.

मधला रस्ता

२०११मध्ये रॉड हिल्टन या अमेरिकन प्रोग्रॅमरने एक तोडगा मांडला. तो ‘मशेटी ऑर्डर’ या नावाने ओळखला जातो. तेव्हा सहाच चित्रपट होते. क्रम असा: चार, पाच, दोन, तीन, सहा. पहिला भाग गाळायचा.

कल्पना सुरेख आहे. चार आणि पाच बघायचे. वेडर बाप असल्याचं कळतं, ल्यूकचा हात तुटलेला, मित्र गोठवलेला. इथे थांबून मागे जायचं: हा बाप कोण होता, तो असा कसा झाला. दोन लांबलचक फ्लॅशबॅक बघायचे आणि मग सहाव्या भागात परत यायचं. हिल्टनचा एक मुद्दा मला विशेष पटतो. सहाव्या भागात ल्यूक काळे कपडे घालून येतो आणि जब्बाच्या महालात पहारेकऱ्यांचे गळे दुरूनच आवळतो. नुकताच ॲनाकिनचा घसरता प्रवास पाहिलेला असेल, तर आपल्याला भीती वाटते, की हाही त्याच वाटेने चाललाय.

मला या क्रमात आणखी एक गोष्ट दिसते. पाच आणि सहामध्ये साडेचार-पाच तासांचे दोन चित्रपट घालून हिल्टनने ती १९८० ते १९८३ची वाट पाहणी परत आणली, छोट्या प्रमाणात. आमच्या भाषेत सांगायचं तर खरा उशीर शक्य नव्हता, म्हणून त्याने उशिराचं सिम्युलेशन केलं.

अडचणीही आहेत. वेडर खरं बोलला का, याचं उत्तर वाट बघण्याच्या काळातच मिळून जातं. लेयाचं गुपित सहाव्याऐवजी तिसऱ्या भागात फुटतं. आणि पहिला भाग गाळला की ॲनाकिन गुलाम होता, आईला मागे सोडून निघाला होता, हे बघायचं राहतं. दुसऱ्या भागात ती आई त्याच्या हातात मरते आणि तिथून तो बिघडत जातो. जिला आपण कधी भेटलोच नाही, तिच्या मरणावर सगळी घसरण तोलायची, हे अवघड आहे.

आईचा दुसरा प्रश्न

इथपर्यंत उत्तर सरळ वाटतं: प्रदर्शनाचा क्रम धरा. मीही आईला तसंच दाखवत होते. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी वेडर मरतो. मरण्याआधी ल्यूक त्याचा मुखवटा काढतो आणि आत एक फिकट, थकलेला म्हातारा दिसतो, अभिनेता सेबॅस्टियन शॉ. थोड्या वेळाने शेकोटीच्या उजेडात तीन भुतं उभी दिसतात: ओबी-वान, योडा आणि एक लांब केसांचा देखणा तरुण.

“हा कोण?” आईने विचारलं.

तो हेडन क्रिस्टेन्सन होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातला ॲनाकिन. आईने ते भाग पाहिले नव्हते, कारण प्रदर्शनाच्या क्रमात ते एकोणीस-बावीस वर्षांनी येतात. मग १९८३च्या चित्रपटात २००२चा नट काय करतोय?

१९८३मध्ये तिथे शॉच उभा होता. काही मिनिटांपूर्वी पाहिलेला तोच म्हातारा, आता शांत चेहऱ्याचा. २००४च्या डीव्हीडीसाठी त्याला काढून क्रिस्टेन्सनला बसवलं. हा एकच बदल नव्हता. १९९७मध्ये, विसाव्या वर्षाचं निमित्त करून, तिन्ही चित्रपट नव्या दृश्यांसह परत आणले होते. १९७७मध्ये हान सोलो टेबलाखालून ग्रीडोला गोळी घालतो. १९९७मध्ये ग्रीडो आधी गोळी झाडतो आणि अगदी जवळून नेम चुकतो. २००४मध्ये ‘एम्पायर’मधला सम्राट बदलला. १९८०मध्ये त्याचा आवाज क्लाइव्ह रेव्हिलचा होता, तिथे मॅकडायरमिड आला. २०११च्या ब्लू-रेत वेडर सम्राटाला उचलताना “नाही” असं ओरडू लागला. आधी तो गप्प होता. २०१९मध्ये डिस्नेच्या स्ट्रीमिंग सेवेवर चित्रपट आले तेव्हा ग्रीडोच्या तोंडी आणखी एक शब्द घातलेला सापडला.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. जुनी आवृत्ती कधीही उघडून बघता येते. ही नोंदच बदलून सगळ्यांच्या डोक्यावर लादण्याची एक आज्ञा आहे, तिला ‘फोर्स पुश’ म्हणतात. जेडायच्या एका शक्तीचंही नाव हेच आहे. लुकसने दोन्ही अर्थांनी ती वापरली. मूळ आवृत्त्या २००६मध्ये एकदा डीव्हीडीवर जोड म्हणून दिल्या गेल्या, त्याही १९९३च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून. स्ट्रीमिंगवर आपण बघतो ती बदललेली प्रत.

याला एक विचित्र पार्श्वभूमी आहे. मार्च १९८८मध्ये लुकस अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष द्यायला गेला होता. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना कंपन्या रंग देत होत्या, त्याविरुद्ध. पुढे मूळ प्रती नाहीशा होतील आणि त्यांच्या जागी बदललेल्या प्रतीच उरतील, असा इशारा त्याने दिला होता. कलाकृती ही समाजाचा वारसा असते, असा त्याच्या बोलण्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत निवडला गेला. आठ वर्षांनी त्याच चित्रपटाचं संकलन आणि दृश्यपरिणाम, ज्यांना ऑस्कर मिळाले होते, लुकसने बदलले. लंडनमध्ये जून २०२५मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ची एक मूळ प्रिंट दाखवली, तर ती जगभर बातमी झाली. एक चित्रपट जसा होता तसा दाखवणं, ही बातमी!

आता क्रमाचा वाद पुन्हा बघा. प्रदर्शनाचा क्रम म्हणजे चार, पाच, सहा, मग एक, दोन, तीन. पण आज आपल्या फोनवर असलेला सहावा भाग हा १९८३चा नाही. त्या फाइलने दुसरा आणि तिसरा भाग तुम्ही पाहिलाय असं धरलेलं आहे, नाहीतर तो तरुण भूत म्हणून उभा राहणं निरर्थक आहे. म्हणजे १९८३च्या प्रतीला प्रदर्शनाचा क्रम बसतो आणि आजच्या प्रतीला, गंमत बघा, हिल्टनचा क्रम जास्त बसतो. त्यात क्रिस्टेन्सनला नुकतंच पाहिलेलं असतं. नंतरच्या चित्रपटांनी आधीच्या चित्रपटांत जाऊन खुर्च्या हलवल्या आणि खुर्च्या हलल्या की कुठल्या दाराने आत यायचं, हेही बदलतं.

मग सांगायचं काय?

आणखी एक अडचण आपल्या पिढीची. वेडर कोणाचा बाप आहे, हे बहुतेकांना मीममधून शाळेतच कळलेलं असतं. मामेभावाने चित्रपट बघण्याआधी ते वाक्य स्टिकर म्हणून वापरलेलं होतं. मग धक्का जपायचा आटापिटा कशाला?

धक्का गेला तरी प्रदर्शनाचा क्रम मी सोडत नाही, आणि कारण आईचे दोन प्रश्न आहेत. पहिला, म्हातारा खोटं का बोलला. दुसरा, हा कोण. दोन्ही प्रश्न गोष्टीतल्या भेगांवर बोट ठेवतात. पहिली भेग आहे, कारण लेखकाचा विचार मधेच बदलला. दुसरी आहे, कारण त्याने तो बदल नंतर मागे जाऊन बुजवायचा प्रयत्न केला. आकड्यांच्या क्रमाने बघणाऱ्याला या भेगा दिसतात, पण तो त्यांना चुका समजतो, किंवा आकडे बघून समजतो की सगळं आधीच ठरलेलं होतं. मला ती समजूत नको आहे. एक ते नऊ असे आकडे लावलेली कुठलीही वस्तू आपल्याला पूर्ण आराखड्यानिशी जन्मलेली वाटते. ही वस्तू तशी जन्मली नाही. एकाने पहिला खर्डा लिहिला, तो लिहून ती गेली, दुसऱ्याने एक ओळ बदलली, आणि त्या एका ओळीसाठी पुढची चाळीस वर्षं खर्ची पडली.

म्हणून मामेभावाला मी पाठवलेलं उत्तर असं होतं. आधी चार, पाच, सहा. पाच झाल्यावर निदान एक रात्र मध्ये जाऊ दे, लगेच पुढचा लावू नकोस. सहाच्या शेवटी एक अनोळखी तरुण दिसेल, तिथे थांबव आणि मला फोन कर. मग एक, दोन, तीन, आणि तिसरा संपल्यावर तो शेवट एकदा परत बघ. ‘रोग वन’ (२०१६) हा चित्रपट १९७७च्या सुरुवातीच्या अगदी आधी संपतो, म्हणून लोक तो आधी दाखवतात. तू नको बघूस. त्यातल्या शेवटच्या प्रसंगात वेडर अंधारातून येतो तेव्हा तुला तो आधीच माहीत असायला हवा. सात, आठ, नऊ सगळ्यांत शेवटी, हवे तर.

गोष्टच हवी असेल, भेगा नको असतील, तर हिल्टनचा क्रम घ्यायला माझी हरकत नाही. आजच्या फाइलींसाठी तो प्रामाणिक क्रम आहे.

मामेभावाने आठवड्याने फोन केला. तरुण भुताबद्दल त्याला काही विचारायचं नव्हतं, ते त्याने सर्च करून ठेवलं होतं. त्याचा प्रश्न वेगळा होता: “ताई, १९८३वाला शेवट कुठे बघायला मिळेल?”